मोटारीचें अंतरंग

गेल्या पाडव्यास आमच्या पुतण्यानें नवी मोटार घेतली. गाडी दारांत उभी राहिली, सुवासिनींनीं तिला ओवाळलें, चाकाखालीं लिंबू चिरडून झालें, आणि पेढ्याचा पहिला घास पोटांत जातो न जातो तोंच घरांत वादास तोंड लागलें. वाद किंमतीविषयीं नव्हता कीं एंजिनाच्या ताकदीविषयीं नव्हता. तो होता गाडीच्या आंतल्या बाजूविषयीं. कारखान्यांतून आलेल्या आसनांचें कापड फिकट बदामी रंगाचें होतें. पुतण्याचें म्हणणें असें कीं, हा रंग म्हणजे सरकारी कचेरीची भिंत. आसनांवर तांबड्या-काळ्या रंगाचें, चौकटीचौकटींच्या शिवणीचें कव्हर चढवावें आणि दारांच्या कडांतून निळा प्रकाश खेळवावा. त्याच्या सासऱ्यांनीं, म्हणजे आमच्या व्याह्यांनीं, निराळाच आग्रह धरला. कारखान्यानें आसनांवर घातलेलें प्लॅस्टिकचें वेष्टन मुळीं काढूंच नये; त्यांच्या स्वतःच्या गाडीचें वेष्टन पांच वर्षें शाबूत होतें! सूनबाईंचें मत पडलें कीं, धुतां येईल असें कांहींहि चालेल, कारण मागें मूल बसतें आणि मूल खातें. आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं तरुणपणीं साहेबलोकांच्या ॲम्बॅसडर गाडींत पाहिलेला, आसनाच्या पाठीवर टाकलेला पांढराशुभ्र टर्किश टॉवेल सुचविला. सर्वांनीं एकमुखानें हंसून आम्हांस वाटेस लावलें.

तो दिवस हंसण्यावारी गेला. परंतु त्या निमित्तानें आम्हीं मोटारींच्या षोकीन लोकांविषयीं पुष्कळ वाचलें, चार गाड्यांत डोकावून पाहिलें, आणि एक गोष्ट ध्यानांत आली. गाडीच्या बाहेरच्या रूपाविषयीं या लोकांत मतभेद असले तरी ते सौम्य असतात. दार उघडून आंत पाहिलें कीं मात्र हमरीतुमरीची वेळ येते. याचें कारण उघड आहे. बाहेरची बाजू जगास दाखविण्यासाठीं असते. आंतल्या बाजूंत स्वतः मालकास बसावयाचें असतें. म्हणून तेथें त्याचा स्वभाव, त्याचें घर, त्याची उणीव आणि त्याची हौस हीं सारीं उमटतात.

हा रुचिभेद आजचा नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत लागोपाठ तीन सूत्रें केवळ मढविलेल्या रथांच्या नांवांसाठीं खर्चिलीं आहेत. वस्त्रानें मढविलेला रथ तो ‘वास्त्र’, कांबळ्यानें मढविलेला तो ‘काम्बल’, चामड्याचा तो ‘चार्मण’. पाण्डुकम्बल म्हणजे राजांच्या बैठकीवर अंथरावयाचें मोलाचें कांबळें. तें चढविलेला रथ ‘पाण्डुकम्बली’. बिबट्याच्या कातड्यानें मढविलेला ‘द्वैप’ आणि वाघाच्या कातड्यानें मढविलेला ‘वैयाघ्र’. अमरकोशांतहि हीं नांवें आलीं आहेत. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारे हे वैयाकरण. त्यांनीं ज्या अर्थीं तीन सूत्रें या कामीं खर्च केलीं, त्या अर्थीं रथ दिसतांच त्याचें मढवण कोणतें हें पाहण्याची लोकांची संवय जुनी असली पाहिजे. टीकाकारांनीं येथें एक गंमतीचा खुलासा केला आहे. रथ सर्व बाजूंनीं मढलेला असेल तरच हे प्रत्यय लागतात. विद्यार्थ्यांनीं वेढलेल्या रथास ते लागत नाहींत. सारा जन्म विद्यार्थ्यांनीं वेढून गेलेल्या आमच्यासारख्यास हें वाचून थोडें वाईट वाटलें, पण नियम तो नियम.

कापड बरें कीं चामडें बरें हा पाणिनीच्या काळचा प्रश्न मोटारीच्या युगांतहि तसाच चालत आला, आणि त्याचें उत्तर काळाबरोबर उलटें होत गेलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रोल्स-रॉइससारखे कारखाने पुष्कळदां केवळ चाकें व एंजिन यांसह सांगाडा विकीत. त्यावर साटा चढविण्याचें व आंत गाद्या बसविण्याचें काम गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घेई. त्या काळच्या थाटाच्या गाड्यांत पुढें, उघड्यावर, पगारी सारथी बसे व मागें बंद भागांत मालक बसे. यांपैकीं चामड्याचें आसन कोणाचें? आजचा वाचक म्हणेल मालकाचें. वस्तुतः तें सारथ्याचें! पुढची बाजू उघडी असल्यामुळें तेथें पाऊस-धूळ लागे, आणि पावसास चामडेंच टिके. मालकाच्या अंगाखालीं उत्तम, मऊ लोकरी कापड असे. कारण तें हिंवाळ्यांत गार लागत नाहीं, उन्हाळ्यांत अंगास चिकटत नाहीं आणि कूस बदलतांना आवाज करीत नाहीं. पुढें सारथीहि आंत आला, मालक स्वतः गाडी हांकूं लागले, आणि जें चामडें नोकराच्या वांट्यास येई तेंच श्रीमंतीचें लक्षण ठरलें. जपानांत मात्र जुनी समजूत अजून जिवंत आहे. तेथील टोयोटा कंपनीची ‘सेंच्युरी’ ही १९६७ सालीं निघालेली बड्या लोकांची मोटार. तींत लोकरी कापडाच्या आसनांचा मान चामड्याहून कमी समजत नाहींत. चामडें कुरकुरतें, आणि बड्या माणसाच्या गाडींत शांतता हवी, असा त्यांचा विचार. त्याच देशांत टॅक्सीच्या आसनांवर पांढऱ्या जाळीदार वस्त्राच्या खोळी घालण्याची रीत आहे. हें वाचल्यावर आमच्या टर्किश टॉवेलास निदान एक परदेशी साक्षीदार मिळाला.

त्या मागणीबरहुकूम बांधलेल्या गाड्यांत हौसेची सीमा कोठवर जाई, याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. १९२६ सालीं लंडनमधील वुलवर्थ कंपनीचे एक मोठे अधिकारी क्लॅरन्स गास्क यांनीं आपल्या पत्नीस भेट देण्यासाठीं रोल्स-रॉइसच्या ‘फँटम’ सांगाड्यावर इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन येथील चार्ल्स क्लार्क यांच्या कारखान्याकडून गाडी बांधून घेतली. आंतली बाजू अठराव्या शतकांतील फ्रेंच राजवाड्यांतील दालनासारखी हवी, एवढीच त्यांची अट. कारागिरांनीं फ्रान्समधील ओब्युसाँ येथें विणलेलें चित्रवस्त्र आसनांस लाविलें, छतावर बालदेवता रंगविल्या, पेयांचें फुगीर कपाट बसविलें, आणि लांकडावर सोनेरी नक्षी चढविली. गाडीस पुढें ‘प्रेमाची फँटम’ असें नांव पडलें. दुर्दैव असें कीं, दोनच वर्षांत, १९२८ सालीं, गास्क वारले. गाडी आजहि आहे. कोणी म्हणतात, इतकें सुंदर अंतरंग दुसऱ्या कोणत्याहि मोटारीस लाभलें नाहीं. कोणी म्हणतात, ही मोटार नसून चाकें लाविलेलें मखर आहे. आम्हांस विचाराल तर दोघांचेंहि म्हणणें खरें आहे; मखर आवडणें न आवडणें हा ज्याचा त्याचा प्रश्न.

इकडे अमेरिकेंत त्या सुमारास उलट प्रवाह सुरू होता. हेन्री फोर्ड यांची ‘टी’ मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगांत मिळे. बाहेर एक रंग, तर आंत निवडीची गोष्टच नको. लाखों कुटुंबांस गाडी मिळाली, पण सर्वांस एकच मिळाली. मनुष्यस्वभाव असा कीं, पोट भरलें कीं त्यास चव आठवते. जी वस्तू सर्वांजवळ सारखी असते, ती आपली कशी करावी याचा ध्यास त्या देशांतील तरुणांस लागला. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांत त्यास चांगलेंच भरतें आलें. तेथें तीन पंथ निघाले. या पंथांचें परस्परांशीं जमत नाहीं, आणि न जमण्याचें मूळ बहुतांशीं गाडीच्या आंत आहे.

पहिला पंथ ‘हॉट रॉड’वाल्यांचा. जुनी, विशेषतः १९३२ सालची फोर्ड घ्यावी, तिचे पंखे, टप, जें जें वजन वाढवितें तें सर्व काढून टाकावें, आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांत ती वाऱ्यासारखी सोडावी. या मंडळींच्या गाडीचें अंतरंग पैलवानाच्या तालमीसारखें: उघडें पत्र्याचें तळ, चार घड्याळें, एक आसन. युद्ध संपल्यावर मोडीत निघालेल्या बाँबफेकी विमानांचीं आसनेंहि कित्येकांनीं आपल्या गाड्यांत बसविलीं. गादी म्हणजे वजन आणि वजन म्हणजे वेळेचा तोटा, हें त्यांचें तत्त्वज्ञान. त्यांतलेच जे थोडे सुखवस्तु होते, ते सीमेपलीकडील मेक्सिकोंतील तिह्वाना शहरीं गाडी नेत व तेथील स्वस्त व कुशल कारागिरांकडून रेक्झिनसारख्या कापडाच्या समांतर, गुबगुबीत पट्ट्या असलेल्या गाद्या भरून आणीत. कट्टर हॉट रॉडवाला त्यांसहि नाक मुरडी.

दुसरा पंथ ‘लो-रायडर’वाल्यांचा. हा मुख्यतः अमेरिकेंतील मेक्सिकन वंशाच्या लोकांनीं वाढविला. यांची गाडी जमिनीलगत, संथपणें, रविवारच्या संध्याकाळीं लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बूलेव्हार्डसारख्या रस्त्यावरून मिरवत जाते. घाई कसलीच नाहीं. पाहणाऱ्यास डोळे भरून पाहतां आलें पाहिजे. यांतील सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे ‘जिप्सी रोझ’. ती १९६४ सालची शेव्हरोले इंपाला. मालक हेसूस उर्फ जेसी वालादेझ. बाहेर गुलाबी रंगावर असंख्य गुलाब रंगविलेले. आंत गडद गुलाबी मखमल, छतास झुंबरें आणि मागें पेयांचें छोटें कपाट. हॉट रॉडवाल्यास हें पाहून घेरी येईल, आणि आमच्या पिढीच्या पुणेकरासहि आल्यावांचून राहणार नाहीं. परंतु घेरी ओसरल्यावर विचार करावा. ज्या वस्तींत ही आवड वाढली तेथील लोकांच्या घरांस झुंबराचा दिवाणखाना नव्हता; तो त्यांनीं चाकांवर बांधला, आणि शेजाऱ्यांस, पोराबाळांस त्यांत बसवून गांवभर मिरविलें. वालादेझ २०११ सालीं वारले. २०१७ सालीं त्यांची गाडी देशाच्या राजधानींत कांचेच्या पेटींत मांडून लोकांस दाखविण्यांत आली.

याच पंथांतील आणखी एक गाडी आम्हांस अधिक हृद्य वाटली. न्यू मेक्सिको संस्थानांतील चिमायो या गांवच्या डेव्हिड हारामिलो नांवाच्या तरुणानें १९६९ सालची एक फोर्ड घेऊन ती सजविण्यास आरंभ केला. काम अर्धें असतांना १९७८ सालीं त्यास अपघाती मृत्यु आला. त्याची पत्नी व आप्त यांनीं ती गाडी तशीच पडूं दिली नाहीं. मखमलीच्या गाद्यांसुद्धां सर्व सजावट त्यांनीं पुरी केली. तिचें नांव ‘डेव्हचें स्वप्न’. १९९० मध्यें ती वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयानें आपल्याकडे घेतली. एखाद्या गाडीची मखमल भडक आहे किंवा नाहीं, हा प्रश्न अशा गाडीपुढें विचारण्याचें धाडस आम्हांस तरी होणार नाहीं.

तिसरा पंथ जुनें जसेंच्या तसें राखणाऱ्यांचा. यांच्या दृष्टीनें कारखान्यांतून गाडी निघाली तेव्हां आसनास जो धागा होता तोच धागा पवित्र. चामड्यास भेगा पडल्या तरी चालतील, पण नवें चामडें नको. कारण नवें केव्हांहि करतां येतें, मूळचें एकदांच असतें. मोठ्या प्रदर्शनांत न दुरुस्तलेल्या, जुन्या अंगानेंच टिकलेल्या गाड्यांसाठीं हल्लीं स्वतंत्र बक्षिसें असतात. आम्हां पोथ्या चाळणाऱ्या लोकांस ही दृष्टि लगेच पटते. पोथीच्या समासांत पूर्वजानें काढलेली रेघ आपण खोडीत नाहीं. पण याच्या उलट पक्ष करणारेहि तितकेच जाणते आहेत. कॅलिफोर्नियांत २००९ सालीं निघालेली ‘सिंगर’ नांवाची संस्था जुन्या पोर्शे ९११ गाड्या घेऊन त्या मुळापासून नव्या करते. आंत हातानें विणलेल्या चामड्याच्या पट्ट्यांचीं आसनें बसविते, आणि त्यासाठीं लोक वर्षेंवर्षें वाट पाहतात. एक पक्ष म्हणतो, ही त्या गाडीची सर्वोत्तम आवृत्ति; दुसरा म्हणतो, ही मूळ संहितेंत घुसविलेली प्रक्षिप्त ओळ. वाद संपत नाहीं, आणि संपण्याचें कारणहि नाहीं.

परदेशाचें इतकें पुराण लाविलें, तर आपल्या मुंबईस विसरून कसें चालेल? काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचें अंतरंग ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस लो-रायडरची मखमल फारशी परकी वाटणार नाहीं. छतास फुलांच्या वेलबुट्टीचें अस्तर, आरशास मोत्यांचा सर, डॅशबोर्डावर गणपति, साईबाबा किंवा मक्केचें चित्र, आणि संध्याकाळीं त्याभोंवतीं लुकलुकणारे तांबडे-हिरवे दिवे. बाराबारा तास ज्या माणसाचा संसार त्या चार हातांच्या जागेंत चाले, त्यानें ती जागा आपल्या खोलीसारखी सजविली यांत नवल तें काय? २०१५ सालीं कांहीं तरुण चित्रकारांनीं याच टॅक्सींच्या आसनांस, दारांस व छतास आपल्या नक्षीचें कापड लावण्याचा उपक्रम केला, आणि जी गोष्ट आपण ‘टॅक्सीवाल्याची आवड’ म्हणून हिणवीत होतों तिच्याकडे सुशिक्षित लोक कौतुकानें पाहूं लागले. पद्मिनी टॅक्सीचा काळ वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ अखेर संपला. गाड्या गेल्या, वेलबुट्टी आठवणींत राहिली.

आतां या सर्वांतून तात्पर्य काय काढावें? रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत स्वयंवराच्या मंडपांत इंदुमती अंगदेशाच्या राजास ओलांडून पुढें जाते. त्या वेळीं कालिदास राजास उणें म्हणत नाहीं आणि इंदुमतीच्या पारखीसहि दोष देत नाहीं. आवडी माणसागणिक वेगळ्या, एवढें सांगून तो तिला पुढें नेतो. आम्हांस हा न्याय मोटारींसहि लागू वाटतो. एकास गाडी तालीम वाटते, एकास दिवाणखाना, एकास पोथी, एकास देवघर. तालमींत झुंबर शोभणार नाहीं आणि दिवाणखान्यांत लंगोट शोभणार नाहीं. दुसऱ्याच्या गाडीस नांवें ठेवण्यापूर्वीं, यानें ही कशासाठीं मांडली, एवढा प्रश्न विचारला तरी निम्मे वाद जागींच मिटतील.

परंतु निम्मे. उरलेल्या निम्म्यांविषयीं बोलावयाचें तर आमच्या घरची गोष्ट पुरी केली पाहिजे. ती सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. तरी सांगणें प्राप्त आहे.

पाडव्याच्या वादांत अखेर पुतण्याची सरशी झाली. एका दुकानांत तांबडी-काळी कव्हरें चढलीं, निळे दिवे लागले, आणि तीन आठवड्यांनीं आम्ही सर्व वाईस जावयास निघालों. आम्ही मागें बसलों. शेजारीं पुतण्याची सहा वर्षांची मुलगी, म्हणजे आमची नात. तिला शाळेंत पट्टा बांधावयास शिकविलें होतें. तिनें पट्टा ओढला आणि बकल शोधूं लागली. बकल कोठेंच नाहीं. दुकानदारानें कव्हर ताणून बसवितांना मागलीं तिन्ही बकलें आसनाच्या फटींत, कव्हराखालीं दाबून टाकलीं होतीं. वर एकसंध, सुबक दिसावें म्हणून. पोर कष्टी झाली. तेव्हां आम्हीं, चाळीस वर्षें मुलांस शिकविलेल्या माणसानें, तिला सांगितलें, “अगं, मागें बसणाऱ्यास पट्टा लागत नाहीं. राहूं दे.” ती म्हणाली, “आजोबा, बाईंनीं लागतो म्हणून सांगितलंय.” आम्हीं हंसून तिच्या हातांत चिक्की दिली.

खंबाटकीच्या घाटांत पुढल्या ट्रकनें एकाएकीं वेग कमी केला आणि पुतण्यास जोरानें ब्रेक दाबावा लागला. टक्कर झाली नाहीं. गाडी कोणास शिवलीहि नाहीं. पण नव्या गुळगुळीत आसनावरून नात सरकली ती थेट पुढच्या आसनाच्या पाठीवर तोंडघशीं पडली. ओठ फुटला, दुधाचा दात हलला, रक्त त्या तांबड्या कव्हरावर पडलें आणि दिसलेंहि नाहीं. हें शेवटचें आमच्या अद्यापि डोळ्यांपुढून जात नाहीं.

घरीं आल्यावर पुतण्यानें गाडीबरोबर आलेलें पुस्तक प्रथमच उघडून वाचलें. तेव्हां आणखी एक गोष्ट कळली. पुढच्या दोन्ही आसनांच्या पाठींत, दाराच्या बाजूस, शिवणीच्या आंत बाजूची एअरबॅग असते. आसनावर त्या नांवाची लहानशी चिठ्ठी शिवलेली असते. बाजूनें धक्का बसला कीं ती पिशवी पापणी लवण्याच्या आंत शिवण फोडून बाहेर येते व माणूस आणि दार यांच्यामध्यें उभी राहते. या आसनांसाठीं बेतलेल्या चांगल्या कव्हरांस त्या जागीं उघडी फट किंवा मुद्दाम कच्ची ठेवलेली शिवण असते. आमच्या कव्हरांस दोन्हीपैकीं कांहींच नव्हतें. ती चिठ्ठी जाड रेक्झिनाच्या दुहेरी टांक्याखालीं गाडली गेली होती. गाडी घेतांना ज्या सोयीसाठीं जास्तीचे पैसे मोजले, तिच्यावर आपणच हौसेनें आणखी पैसे देऊन कुलूप घातलें होतें.

डॅशबोर्डाचीहि तीच कथा. पुढल्या उतारूची पिशवी डॅशबोर्डाच्या वरच्या भागांतून झेप घेते. तेथें चिकटविलेली धातूची किंवा संगमरवरी मूर्ति त्या झेपेबरोबर माणसाच्या तोंडावर येऊं शकते. देव गाडींत असावा, आमचाहि आहे. पण त्याची जागा पिशवीच्या झांकणावर नसावी. लहान तसबीर मधल्या कप्प्यांत ठेवली तर भक्ति उणी होत नाहीं.

मागें बसणाऱ्यास पट्टा लागत नाहीं, ही आमची समजूत केवळ आमची नव्हती. ती आमच्या साऱ्या पिढीची आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. गाडी उत्तम बनावटीची होती. पुढें बसलेले दोघे वांचले. मागें बसलेले मिस्त्री व त्यांचे स्नेही दगावले. मागल्या दोघांनीं पट्टे बांधले नव्हते, असें तपासांत निघालें. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३८ व्या नियमानें मागल्या आसनावरील पट्टा त्यापूर्वींच सक्तीचा होता. २०१९ च्या दुरुस्तीनें पट्टा न बांधल्यास हजार रुपये दंड ठरला, आणि चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा मुलाचें खास आसन यांवांचून नेल्यासहि तितकाच. तरी लोक काय करतात? पट्टा न बांधल्यास गाडी सूचनेचा आवाज करते. तो बंद व्हावा म्हणून बकलांत अडकविण्याची खोटी पट्टी विकत घेतात. मे २०२३ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास पांच बड्या ऑनलाइन विक्रेत्यांस ती पट्टी विक्रींतून काढण्याचा हुकूम द्यावा लागला. गाडी सुरक्षिततेसाठीं ओरडते आणि आपण पैसे मोजून तिचें तोंड दाबतों!

म्हणून आमच्या मतें रुचीच्या स्वातंत्र्यास एकच मर्यादा आहे. रंग तांबडा असो, बदामी असो, मखमल असो, टॉवेल असो. आसनावर कोणाची हौस बसली आहे हें पाहण्याचें दुसऱ्यास कारण नाहीं. मात्र त्या हौसेखालीं पट्टा, बकल, एअरबॅग किंवा रस्ता पाहण्याची कांच दबतां कामा नये. कारण हौस मालकाची असते आणि ओठ दुसऱ्याचा फुटतो. गाडी सजवून आणल्यावर घरांतील वडील माणसानें तिच्या देखणेपणावर अभिप्राय देण्याऐवजीं चार गोष्टी हातानें पाहाव्या: सर्व बकलें वर आहेत काय, पुढच्या आसनांच्या बाजूची चिठ्ठी दिसते काय, निदान तेथें कव्हर उघडें आहे काय, डॅशबोर्डावर जड कांहीं चिकटविलें आहे काय, आणि सारथ्याच्या पायाखालची जाड चटई सरकून ब्रेकखालीं जाते काय. पांच मिनिटांचें काम आहे.

आमच्या घरची हकीगत येथें संपते. नातीचा ओठ चार दिवसांत बरा झाला. दात पुढें आपल्या वेळेनें पडला. पुतण्यानें तीं कव्हरें त्याच रात्रीं स्वतः उसवून काढलीं, आणि महिन्यानें त्या गाडीच्याच मापाचीं, बाजूस एअरबॅगेसाठीं फट असलेलीं, बकलें वर ठेवणारीं दुसरीं आणलीं. रंग? पुन्हां तांबडा-काळाच. आम्हांस तो अजूनहि भडक वाटतो, परंतु तें आम्ही आतां बोलून दाखवीत नाहीं. व्याह्यांनींहि आपल्या गाडीचें पांच वर्षांचें प्लॅस्टिक एकदांचें फाडलें. आंतलें कापड नवेंकोरें निघालें, मात्र दार उघडलें कीं कोठीच्या खोलीचा कुबट वास अजून येतो. आणि आम्ही हल्लीं मागें बसलों कीं प्रथम बकल चांचपतों. शेजारीं बसलेली आमची छोटी गुरु, दोन्ही पट्टे लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय, बापास गाडी सुरू करूं देत नाहीं.